फवारल्यानंतर काय तुटतं, काय उरतं?

द्राक्षाचा हंगाम आला की नाशिकमध्ये दोन तट पडतात. गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या गेटवर ‘रसायनमुक्त द्राक्षं’ अशी पाटी लागते आणि निम्मं शहर ती पाटी पाहून निर्धास्त होतं. निफाड-दिंडोरीकडच्या चर्चासत्रांत याचं उत्तर ठरलेलं असतं: पाणीसुद्धा रसायनच आहे, मग घाबरायचं कशाला? पहिला तट फवारणीचा माल झाडातून आला की कारखान्यातून, एवढंच विचारतो. दुसरा प्रश्नच उडवून लावतो. मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद कच्चा वाटतो. एखाद्या रेणूचं बरंवाईट तो कुठे जन्मला यावरून ठरत नाही. त्यातले अणू कोणत्या बंधांनी जोडलेले आहेत, ते बंध उन्हात, पाण्यात, मातीत आणि माणसाच्या शरीरात किती काळात तुटतात आणि तुटल्यावर मागे काय उरतं, यावरून ते ठरतं. या कसोटीवर लावलं तर ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवणारे काही पदार्थ अडचणीत येतात, ‘रासायनिक’ म्हणून हिणवलेले काही सहज सुटतात, आणि काहींच्या बाबतीत लोकांना वाटणारी भीती शंभर टक्के खरी निघते.

मूळ मुद्दा जवळपास दोनशे वर्षं जुना आहे. १८२८ साली फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट या क्षारापासून प्रयोगशाळेत युरिया मिळवला. सजीवांच्या शरीरातला पदार्थ बनायला जिवंत शरीरातली एखादी खास शक्ती लागते, या समजुतीला त्याने तडा गेला, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यातली दुसरी गोष्ट मात्र निसटते. अमोनियम सायनेट आणि युरिया दोन्हींत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. पहिल्यात धनभारित आणि ऋणभारित आयन एकमेकांना ओढून धरतात. दुसऱ्यात सगळे अणू इलेक्ट्रॉनची भागीदारी करून सहसंयुज बंधांनी बांधलेले असतात. अणू तेच आणि तेवढेच, तरी जोडणी बदलली म्हणून पदार्थ बदलला. उगमावर भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गाईच्या मूत्रातला युरिया आणि गोणीतला युरिया यांचा रेणू एकच आहे. फरक असतो तो मात्रेचा आणि सोबत येणाऱ्या इतर घटकांचा.

बागेतलं उदाहरण जीएचं, म्हणजे जिबरेलिक आम्लाचं. भातरोपं भलतीच उंच वाढवून पाडणाऱ्या एका बुरशीच्या अर्कात हा परिणाम घडवणारा पदार्थ असतो, हे १९२६ साली एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं. तोच हा जिबरेलिक आम्ल. द्राक्षाच्या बीमध्येही जिबरेलिनं तयार होतात. थॉमसनसारख्या बिनबियांच्या वाणात बी वाढतच नाही, त्यामुळे मणी फुगवायला बाहेरून जीए द्यावं लागतं. बाजारातलं जीए आजही टाक्यांमध्ये बुरशी वाढवूनच काढतात. मग याला नैसर्गिक म्हणायचं की रासायनिक? काहीही म्हटलं तरी बागेत कामाची माहिती त्यातून मिळत नाही. कामाची माहिती ही की या रेणूत लॅक्टोन, म्हणजे स्वतःवरच वळून मिटलेला इस्टर बंध आहे आणि अल्कधर्मी पाण्यात तो उघडतो. लॅक्टोन उघडला की जीएचं काम संपलं. अनेक बागांत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) ७.५ च्या वर असतो. मणी ३-४ मिलिमीटरचे झाल्यावर ४० पीपीएमचं डिपिंग करायचं, म्हणजे घड द्रावणात बुडवायचे, तर शुद्ध जीए १०० लिटरला ४ ग्रॅम लागतं. पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, टाकीचा सामू सायट्रिक अ‍ॅसिडने किंवा युरिया फॉस्फेटने ५.५ ते ६.५ वर आणायचा, मग द्रावण ओतायचं. हे न करता ‘जीए लागलं नाही’ म्हणून मात्रा वाढवणारे बागायतदार कमी नाहीत. वाढवायची गरज मात्रेची नव्हती, टाकीतल्या पाण्याकडे पाहण्याची होती.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. जे रेणू निसर्गात लाखो वर्षं आहेत, ते तोडणारी विकरंही (एन्झाइम) जिवाणूंकडे आणि प्राण्यांकडे घडत गेलेली आहेत. कारखान्यातला नवा रेणू मातीतल्या जिवाणूंना अनोळखी असतो, तो पडून राहतो. हे म्हणणं भावनिक नाही, शास्त्रीय आहे, आणि त्याची किंमत जगाने मोजली आहे. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं, १९७२ साली अमेरिकेने शेतीतला त्याचा वापर बंद केला. मधल्या काळात काय घडलं? डीडीटीतले कार्बन-क्लोरीन बंध सहज तुटले नाहीत. रेणू पाण्यात विरघळत नसल्याने लघवीवाटे बाहेरही पडला नाही, चरबीत साठत गेला, माशातून पक्ष्यात गेला आणि तिथे त्याचं प्रमाण आणखी वाढत गेलं. तुटला तो अर्धवट, आणि त्यातून निघालेला डीडीई मूळ रेणूपेक्षाही चिवट निघाला. केरळमधल्या कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं हवेतून फवारलेल्या एन्डोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली. तोवर ‘सुरक्षित आहे’ हेच सांगितलं जात होतं. त्यामुळे आज एखादी गृहिणी ‘कंपनीवाल्यांचं ऐकणार नाही’ म्हणाली तर तिला अडाणी ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. ‘पाणीही रसायन’ हे उत्तर तिच्या प्रश्नाचा अपमान करतं.

तरीही ‘नैसर्गिक ते तुटतं, कृत्रिम ते उरतं’ हा ठोकताळा नियम होऊ शकत नाही. अग्निअस्त्र या घरगुती ‘नैसर्गिक’ कीटकनाशकात तंबाखू पडते; तिच्यातलं निकोटिन कातडीतून रक्तात जातं आणि ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना आजारी पाडतं. पायरेथ्रमचं उदाहरण याहून बोलकं आहे. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात मिळणारे पायरेथ्रिन हे इस्टर किड्याला क्षणात लोळवतात, पण उन्हात काही तासांत संपतात. त्यांच्या रेणूतली ज्या ठिकाणी दुहेरी बंध आहेत ती जागा प्रकाश आणि ऑक्सिजन तोडतात. रसायनशास्त्रज्ञांनी नेमके ते भाग बदलले, एका टोकाला मिथाइल गटांच्या जागी क्लोरीन बसवले, आणि १९७३ साली इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडमधून पर्मेथ्रिन पुढे आलं. ते उन्हात टिकतं. म्हणून शेतात चालतं, आणि म्हणूनच ओढ्यात गेलं तर मासेही मारतं. टिकाऊपणा हा उगमाचा गुण नव्हता, तो रचनेत घातला गेला. जे घालता येतं ते काढताही येतं, आणि मागणी करायची असेल तर याची करायला हवी.

निंबोळी अर्काचंही तसंच आहे, फक्त तो नेमका उलट बाजूने फसतो. त्यातला अ‍ॅझाडिरॅक्टिन हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की प्रयोगशाळेत तो पूर्ण घडवायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. २००७ साली ते जमलं. त्याच्यावर इस्टर बंधांची गर्दी आहे, म्हणून तो ऊन आणि अल्क दोन्हींपुढे टिकत नाही. पाच टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून पिळून गाळायच्या, त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून १०० लिटर करायचं आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं. लोक चुकतात ते इथे: दुपारी बाराला फवारतात, उरलेला अर्क दोन दिवस ठेवतात, किंवा पावसात भिजून बुरशी आलेल्या निंबोळ्या वापरतात. मग ‘नैसर्गिक औषधाचा गुण येत नाही’ म्हणतात. तो रेणू लवकर तुटतो हीच त्याची खूबी आहे आणि तीच त्याची मर्यादा. दर काही दिवसांनी फवारावं लागणं ही त्याच्या सुरक्षिततेची किंमत आहे. ती मोजायची तयारी असेल तर तो उत्तम पर्याय आहे.

खरी अडचण मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची. फ्रान्सच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं चोरांनी तोडू नयेत म्हणून तांब्याचा क्षार आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवडा या बुरशीच्या रोगातून वाचल्या, हे १८८२ मध्ये मियार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. आज सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमांतही त्याला मर्यादित परवानगी आहे. कृती सोपी दिसते: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना विरवून दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतत ढवळायचं. मग चकचकीत लोखंडी सुरी किंवा खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे: लोखंड विरघळतंय आणि तांबं त्याच्या जागी बसतंय. तसंच फवारलं तर कोवळी पानं करपतात, म्हणून थर यायचा थांबेपर्यंत चुना वाढवायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं; शिळं झालं की निळा साका तळाशी बसतो आणि पानाला धरत नाही. त्यात कॅप्टन मिसळायचं नाही, कारण इतक्या अल्कात कॅप्टनचा रेणू काही मिनिटांत फुटतो आणि पैसे पाण्यात जातात.

इथवर सगळं ठीक. पण या फवारणीनंतर काय तुटतं? काहीच नाही. सेंद्रिय रेणूचे बंध तुटून शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रोजनचे साधे क्षार उरू शकतात. तांबं हे मूलद्रव्य आहे. ऊन, पाऊस, जिवाणू, गांडूळ, कुणीही तांब्याचं दुसरं काही करू शकत नाही. ते फक्त एका क्षारातून दुसऱ्यात जातं. हिशेब करून पाहा. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. एक टक्का बोर्डो एकरी ४०० लिटर फवारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे एक किलो धातूरूप तांबं एका फवारणीत त्या एकरात कायमचं गेलं. युरोपीय संघाने शेतीतल्या तांब्यावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४. एकरात ते दीड किलोच्या थोडं वर भरतं. पावसाळ्यात खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतरच्या फुटींवर पूर्ण ताकदीच्या दोनच फवारण्या झाल्या तरी ही मर्यादा ओलांडली जाते. फ्रान्समधल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या वरच्या थरात किलोमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त तांबं साठलेलं आढळतं आणि इतकं तांबं गांडुळांना जाचक ठरू शकतं. आपल्या चुनखडीच्या, अल्कधर्मी काळ्या मातीत तांबं घट्ट बांधलं जातं, मुळांना आणि जिवांना कमी मिळतं, हे मान्य. ते दिलासा देणारं आहे. पण बांधलेलं तांबं गेलेलं नसतं, आणि सामू उतरला की ते पुन्हा मोकळं होतं. गंधकही मूलद्रव्यच आहे, भुरी या बुरशीच्या रोगासाठी तेही फवारतात, पण त्याचं मातीत सल्फेट होतं, ते वेल घेतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातं. तांब्याला तशी वाट नाही.

मी बोर्डो बंद करा म्हणत नाही. बुरशीत त्याला प्रतिकार जवळजवळ निर्माण झालेला नाही, कारण तांबं एकाच ठिकाणी न बसता कितीतरी प्रथिनांना चिकटतं. पण ज्या द्राक्षावर हंगामभर तांबं फवारलं ते ‘रसायनमुक्त’, आणि ज्यावर महिन्याभरात तुटून जाणारं एखादं बुरशीनाशक एकदा फवारलं ते ‘विषारी’, ही वर्गवारी कुणाच्या आरोग्याच्या कामाची? मातीच्या तर नाहीच.

कृत्रिम रेणूंच्या बाजूनेही हीच चूक नाशिकला महाग पडलेली आहे. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांचं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनर अडकले. हे काही घडावर मारलेलं कीटकनाशक नव्हतं. खरड छाटणीनंतर फुटीचा जोर रोखायला ते देतात, म्हणजे काढणीच्या नऊ-दहा महिने आधी. इतक्या आधीचं फवारलेलं फळात कसं उतरलं? क्लोरमेक्वाट हा धनभारित नायट्रोजनचा क्षार आहे, पाण्यात पूर्ण विरघळतो, वेलीत सगळीकडे फिरतो आणि लाकडात फार सावकाश तुटतो. ‘फळ धरायच्या आधीचं आहे, काय फरक पडतो’ हा हिशेब महिन्यांचा होता. हवा होता बंधांचा. अवशेष तपासणीची जी शिस्त २००६ पासून अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट नोंदप्रणालीतून निर्यातीच्या बागांना लागली होती, तिच्या यादीतल्या एका फटीतून हे निसटलं. त्यातून बागायतदार शिकले, यादी वाढली. घोषणांनी हे झालं नसतं.

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण तो ग्राहकाचा नाही, फवारणाऱ्याचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे चर्चेत आलेल्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांपैकी बरीचशी मातीत वर्षानुवर्षं राहत नाहीत. मग माझी कसोटी इथे हरते का? नाही, पण अपुरी पडते. तुटण्याचा वेग आणि शरीराला होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘लवकर तुटतं म्हणून सुरक्षित’ असं सांगणारा विक्रेता अर्धसत्य सांगत असतो. हे रेणू मज्जातंतूंमधल्या अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या नेमक्या जागी आपला फॉस्फरस सहसंयुज बंधाने जोडतात. विकर बंद पडतं, लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, छाती भरते. काही वेळ तो बंध पॅम नावाच्या औषधाने तोडता येतो. उशीर झाला की फॉस्फरसवरचा एक गट गळून बंध पक्का होतो आणि मग पॅमचा उपयोग राहत नाही. कार्बामेट गटातल्या औषधांचा तसाच बंध बहुधा दिवसभरात आपोआप सुटतो. म्हणून दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा पुडा सोबत नेणं जीव वाचवण्याइतकं महत्त्वाचं आहे: डॉक्टरला कोणता बंध तोडायचा ते त्यावरून कळतं.

द्राक्षात याचं ठळक रूप म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून लावायची पेस्ट. हायड्रोजन सायनामाइड काडीची जाडी आणि रात्रीचं तापमान पाहून साधारण लिटरला ३० ते ४० मिली घेतात, कुठल्या डोळ्याला लागलं ते कळावं म्हणून रंग मिसळतात आणि मजूर, बहुतेकदा बायका, कापडाने किंवा स्पंजाने ते काडीला लावतात. तेव्हा घडच नसतो, आणि रेणू पाणी घेऊन युरियात बदलतो. खाणाऱ्याला त्यापासून भीती जवळपास नाही. लावणाऱ्याला आहे. कातडी भाजते, आणि दारू पचवताना बनणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला पुढे तोडणारं विकर सायनामाइड अडवतं. त्या दिवशी, किंवा पुढच्या आठवड्यात, कुणी दारू प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आदला दिवस धरून पुढचा किमान आठवडा दारूला शिवायचं नाही, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. सोसायटीच्या गेटवरची पाटी या बाईबद्दल एक अक्षर बोलत नाही. तिच्या हातमोज्यांबद्दल विचारणारा ग्राहक मला ‘रसायनमुक्त’ विचारणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदार वाटेल.

ग्राहकाची भीती कुठे वाया जाते तेही सांगायला हवं. मण्यावरचा पांढरट थर पाहून ‘पावडर मारली आहे’ म्हणत तो घासून काढतात. बागेत ज्याला लस्टर म्हणतात तो हा थर वेलीचं स्वतःचं मेण आहे. त्याचा मोठा भाग ओलिॲनोलिक आम्लाचा असतो. तो सर्वत्र सारखा, धुरकट असतो आणि बोटाने पुसला जातो. फवारणीचे डाग वाळलेल्या थेंबांच्या कड्यांसारखे दिसतात आणि मण्याच्या खालच्या टोकाला जास्त साचतात, कारण थेंब तिथे ओघळतो. हेच मेण बेदाणा करताना आडवं येतं, आतलं पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट (लिटरला २५ ग्रॅम) आणि इथाइल ओलिएटच्या (१५ मिली) पाण्यात काही मिनिटं बुडवतात. मेणाची मांडणी विस्कटते आणि सुकायचा काळ जवळपास निम्म्यावर येतो. नावं ऐकून दचकणाऱ्यांना सांगायला हवं की भूमध्य समुद्राकाठी रोमन काळापासून हेच काम लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्ह तेल करत आलं आहे. राखेतला अल्क मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच असतो, आणि इथाइल ओलिएट म्हणजे ऑलिव्ह तेलातल्या मुख्य आम्लाचा अल्कोहोलबरोबरचा इस्टर.

खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फळं दहा-पंधरा मिनिटं ठेवल्याने पृष्ठभागावरचे काही अवशेष निघतात, त्यातले अल्काने तुटणारे बंध तुटतातही. सालीच्या आत गेलेलं आंतरप्रवाही औषध मात्र कशानेच धुतलं जात नाही. त्यावर एकच उपाय आहे, आणि तो स्वयंपाकघरात नाही: शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस जाऊ देणं.

आणि इथे विरोधकांचा शेवटचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. हे दिवस पाळले की नाही, हे नाशिकच्या माणसाला कळायची सोय नाही. निर्यातीच्या बागेचा नमुना काढणीआधी प्रयोगशाळेत जातो, स्थानिक बाजारातल्या मालाला अशी चाळण लागत नाही. मर्यादा कागदावर दोघांनाही आहेत. ज्याला माहिती मिळत नाही तो पाटीवरच विश्वास ठेवणार. मग मागायचं असेल तर हे मागू या: निर्यातीचा बागायतदार आजही फवारणीची वही ठेवतो, त्यात औषधाचा घटक, मात्रा, तारीख आणि काढणीपर्यंतचे दिवस लिहितो. त्याच वहीचं शेवटच्या दोन महिन्यांचं पान पिंपळगावच्या बाजारात येणाऱ्या आणि सोसायटीच्या गेटवर उतरणाऱ्या प्रत्येक मालासोबत यावं. त्यात निंबोळी अर्कही लिहावा आणि बोर्डोही. ‘रसायनमुक्त’ विकणाऱ्याने त्यासोबत आपल्या मातीतल्या तांब्याचा दर तीन वर्षांनी केलेला तपासणी अहवाल जोडावा.